ओझरला उतरेपर्यंत

१

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी नागपूरहून नाशिकचं विमान सुटायचं आणि अकरा चाळीसला ओझरच्या विमानतळावर उतरायचं. मी आजवर विमानात पाय ठेवलेला नाही, पण हे वेळापत्रक मला पाठ होतं. समोरचा दुर्गेश दर सोमवारी त्या विमानाने कंपनीच्या कामावर जायचा आणि शुक्रवारी दुपारच्या विमानाने घरी यायचा. आणि समोरच्या घरात काय चाललंय ते कळलं नाही तर मला चहाची चव लागत नाही. स्वभाव आहे, लपवून काय करू.

आम्ही सोनेगावात राहतो, विमानतळाच्या पाठीशी. पहिल्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं, दारं समोरासमोर, मधे चार पावलांचा व्हरांडा. इकडे मी आणि आमचे महादेवराव, तिकडे दुर्गेश आणि त्याची नवी बायको कामिनी. विमानं आमच्या गच्चीवरूनच चढतात. मोठी विमानं गडगडत जातात, पण नाशिकचं लहान, दोन पंख्यांचं. त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. गिरणी डोक्यावरून गेली की मी कुकर लावायची.

महादेवराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना अंतराचा फार नाद. "साडेपाचशे किलोमीटर," ते दर सोमवारी न चुकता सांगायचे. "एक तास पस्तीस मिनिटं. एवढ्या वेळात मानूस बसनं वर्धेलेही पोचत नाही."

कामिनी इथल्याच जरीपटक्याची, शिकलेली, कॉम्प्युटरवर घरूनच काम करायची. पहिल्यांदा दुर्गेश गेला त्या सकाळी ती लगेच झाडू घेऊन उभी. मी दारातूनच तिला थांबवलं. माणूस गावाला गेला की तो पोचेपर्यंत मागे घर झाडायचं नसतं. रामटेकच्या माझ्या सासूने मला तसंच थांबवलं होतं. कारण तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"झाडलं तर काय होते, काकू?" कामिनी हसत होती.

"काही होत नाही वं. पण झाडू नये."

"आणि पुसलं तर चालते?"

"मार खाशील."

ती हसली, पण तिने झाडू कोपऱ्यात ठेवला. मग तसाच परिपाठ पडला. अकरा पंचेचाळीसच्या सुमारास तिचा फोन वाजायचा, ती दारात येऊन सांगायची, "काकू, पोचले हे," आणि मग समोरून झाडूचा आवाज सुरू व्हायचा. सर्र, सर्र. तो आवाज ऐकला की मलाही बरं वाटायचं. एक माणूस नीट पोचला.

२

एप्रिलच्या शेवटी ऊन तापलं तेव्हाची गोष्ट. मी कूलरमध्ये बादलीने पाणी भरत होते. कामिनी दारात आली.

"काकू, पोचले हे."

मी घड्याळ पाहिलं. दहा पन्नास.

"इतक्यात? आत्ता तर गिरणी वरून गेली."

"आज लवकर पोचलं असन," ती म्हणाली आणि आत गेली. सर्र, सर्र.

अकरा पंचेचाळीसला पुन्हा तिचा फोन वाजला. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं. "अहो, मघाशी सांगतलं ना तुम्ही. काय? आत्ता उतरले?" मी बादली खाली ठेवली आणि सरळ आत गेले. तिने मला फोन दाखवला. दहा पन्नासला दुर्गेशचं नाव, अकरा पंचेचाळीसला पुन्हा दुर्गेशचं नाव. तो म्हणत होता, विमानात माझा फोन बंद होता, मी फोन केलाच नाही.

"नेटवर्कचं असते तसं," महादेवराव पेपरामागून म्हणाले.

"उतरायच्या आधी नेटवर्क सांगते काय, की उतरलो?"

"अवं, तू नववी नापास. मी यंत्रांत जिंदगी घातली. यंत्रं काहीही करू शकतात."

शुक्रवारी दुर्गेश आला तो थकलेला. येताना माझ्यासाठी मनुका आणायचा, तशा आणल्या होत्या. पुडी देताना त्याने सहज मनगट पुढे केलं. "काकू, हे घड्याळ पाहा. बाबांचं आहे, कधी मिनिट चुकत नाही. सोमवारपासून पन्नास मिनिटं पुढं पळून राहिलं."

"सेल बदल," महादेवराव म्हणाले.

"आणि विमान तर असं लांबलं सोमवारी, विचारू नका. संपूनच नाही राहिलं. पण शेजारचा मानूस म्हणे, बराबर टाइमावर आलो."

पन्नास मिनिटं. मी तो आकडा ऐकला आणि मनुकांची पुडी हातात घेऊन तशीच उभी राहिले. दहा पन्नास ते अकरा चाळीस. शिक्षण कमी असलं तरी वजाबाकी मला येते.

३

पुढच्या सोमवारी फोन दहा पंचवीसला आला. शुक्रवारी घड्याळ सव्वा तासाने आणखी पुढे होतं. दुर्गेश जिन्यात बसूनच बूट काढत होता. म्हणाला, "विमानात मले सपाटून भूक लागली, काकू. शेजारचा मानूस हसे. म्हणे, आत्ता तर नाश्ता केला तुम्ही."

"खाली काय दिसलं गा बाबू?"

"शेतं. तीच शेतं, बराच वेळ."

मी कामिनीला स्वयंपाकघरात गाठलं. पोळ्या लाटत होती. हळूच विचारलं, आधी येतो तो फोन, त्यात तो काय म्हणतो.

"पोचलो म्हणतात. आणि विचारतात, झाडलं काय."

"दुर्गेश विचारतो? त्याला तर आपली टिंगल करायची सवय."

तिचं लाटणं थांबलं. "तेच तर. पण आवाज यांचाच हाये, काकू. आणि मी नाही म्हटलं की म्हणतात, झाडून घे ना. इतकं गोड म्हणतात. नवऱ्यानं तसं म्हटल्यावर हात कसा थांबवू?"

तिसऱ्या सोमवारी मी साडेनऊपासूनच तिच्या घरात जाऊन बसले. मनाशी म्हणत होते, कोणी टवाळ पोरगा असेल, आवाज काढणारा. त्याला चांगला दम देते. दहा पाचला गिरणी गच्चीवरून गेली. भांडी अजून थरथरत होती आणि फोन वाजला. दहा वाजून सहा मिनिटं. मी तिला खूण केली, आवाज मोठा कर.

"पोचलो," दुर्गेश म्हणाला. माझ्या कानाला काडीचाही फरक जाणवला नाही.

त्याच्यामागे विमानतळाची गडबड नव्हती. त्याच्यामागे आमच्या गल्लीतला भंगारवाला ओरडत होता, ती त्याची रेकॉर्ड केलेली हाक, पुराना टीन, टप्पर. फोनमधून ती जवळून येत होती. खिडकीतून लांबून. फोन करणारा गल्लीच्या तोंडाशी, भंगारवाल्याच्या गाडीजवळ उभा होता.

"झाडलं का?" त्याने विचारलं.

मी फोन तिच्या हातातून घेतला. "कोण बोलून राहिला?"

"काकू," तो मायेने म्हणाला, "तुम्हीही आलात काय? बरं झालं. तिच्या हातून राहून जाते. तुम्ही झाडून घ्या."

मी खिडकीशी गेले. गल्लीत भंगारवाल्याची गाडी होती. गाडीपलीकडे कडुनिंबाच्या सावलीत कोणीतरी पाठमोरा उभा होता, निळ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला. ऊन इतकं की डोळे मिचकावावे लागत होते. डोळे मिचकावले आणि सावली रिकामी झाली.

मागून आवाज आला. सर्र, सर्र. कामिनी झाडत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती झाडत होती.

४

त्या शुक्रवारी दुर्गेशचं घड्याळ आणखी एक तास चौतीस मिनिटं पुढे गेलेलं होतं. महादेवरावांनी पेपरच्या कडेला मांडणी केली. पहिल्यांदा पन्नास, मग पंचाहत्तर, मग चौऱ्याण्णव. मांडणी करून त्यांनी चष्मा काढला.

"पूर्ण प्रवास पंच्याण्णव मिनिटांचा," ते म्हणाले. "इथं कोणी जितकं आधी पोचते, तितकं त्याचं विमान लांबते. आता अजून एक मिनिट उरलं."

"मग पुढच्या वेळी?"

"मले काय माहीत. मी बसगाड्या पाहिल्या." त्यांनी तो पेपर घडी घालून गादीखाली सारला. "फालतू आहे सगळं. ऊन लागलं तुमाले."

आम्ही दुर्गेशला सांगितलं. कामिनीने तर पाय धरले, सोमवारी जाऊ नका म्हणून. तो हसला, पण नेहमीसारखं नाही. "त्या विमानात सत्तर लोक बसतात, काकू. सत्तर पोचतात. मीच काहून नाही पोचणार? झाडूच्यापायी नोकरी सोडू काय?"

मग एकच उपाय उरला. तो खरोखर ओझरला उतरेपर्यंत घर झाडायचं नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. रविवारी संध्याकाळी मी कामिनीच्या घरातला झाडू, बाथरूमचा खराटा, जाळं काढायची काठी, सगळं उचलून माझ्या घरी आणलं आणि कपाटात कुलूप लावून ठेवलं.

सोमवारी आठ वाजता दुर्गेश ऑटोत बसला. निळ्या पट्ट्यांचा शर्ट, पाठीला पिशवी. मी कठड्यावरून हात केला, त्यानेही केला. पावणेदहाला त्याने कामिनीला नेहमीसारखा फोटो पाठवला. खिडकी, बाहेर विमानाचा पंखा, खाली जमीन. विमान अजून हललेलं नव्हतं.

मी आणि कामिनी त्यांच्या बैठकीत सोफ्यावर बसलो होतो. आतल्या खोलीचं दार ऊन येऊ नये म्हणून लोटलेलं होतं. नऊ अठ्ठावन्नला फोन वाजला.

"पोचलो."

मागे काहीच आवाज नव्हता. फक्त कूलरचा. त्याच्या मोटरमध्ये एक खडखड आहे, दहा-बारा फेऱ्यांनी येते. ती फोनमधूनही आली आणि खोलीतूनही आली, एकाच वेळी.

"झाडलं का?"

कामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "आज झाडणार नाही."

मला वाटलं तो चिडेल. मी तयार होते.

"बरं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

५

दहा पाचला विमान वरून गेलं. मी कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. कामिनीने माझा दुसरा हात घट्ट धरला होता. मी म्हटलं, आता एक तास पस्तीस मिनिटं फक्त बसायचं, पोरी. काहीच करायचं नाही. काही न करणं किती सोपं.

महादेवराव मोबाइल घेऊन आले. त्यात नकाशावर चिमुकलं पिवळं विमान सरकत होतं. बडनेऱ्याच्या वर आलं. "पाहा, बराबर चाललं," ते म्हणाले आणि आमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तिथेच खुर्ची घेऊन बसले. त्यांनाही घरी एकटं बसवत नसणार.

विमान अकोल्यावर आलं तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला.

सर्र.

आम्ही तिघेही हललो नाही. महादेवरावांनी तर मोबाइलवरची नजरही काढली नाही. फक्त त्यांचा अंगठा काचेवर थांबला.

सर्र. सर्र.

मनाने मी पटापट कारणं शोधली. पडदा असेल. घूस असेल. कॅलेंडर भिंतीला घासत असेल. पण झाडण्याला एक चाल असते, लांब हात, मग आखूड हात, मग थांबून केर पुढे घेणं. चाळीस वर्षं झाडते आहे मी. कोणीतरी पलंगाखालून सुरुवात केली होती. मग खिडकीखाली. मग कपाटाचा कोपरा, तिथे वळावं लागतं. मग दाराकडे.

दाराखालून केराची एक रेघ बाहेर आली. बारीक, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. थांबली. पुन्हा मागून रेटा आला आणि ती चार बोटं पुढे सरकली, आमच्या पायांकडे.

त्यात काय होतं ते मी वाकून पाहिलं. धूळ, केस, नखांचे तुकडे. शर्टाचं एक बटण. मागल्या आठवड्यात विमानतळावर पिशवीला लावलेला फाटका कागद, नागपूर-नाशिक छापलेला. दुर्गेशचं या घरात जे काही सांडलं होतं, तेवढंच. कामिनीचा लांब केस त्यात एकही नव्हता.

दार वारा आल्यासारखं हातभर उघडलं. आत पडद्याचा लाल उजेड होता. कोणीतरी ओणवं होतं. पाठ आमच्याकडे, निळ्या पट्ट्यांचा शर्ट, बटणांशिवाय बाजूला लोंबत होता. हातात झाडू नव्हता. तो तळहात जमिनीला टेकवून हातानेच केर लोटत होता, आणि तरी आवाज झाडूचाच येत होता. डोकं मला दिसलं नाही. इतकं खाली घातलेलं होतं, की खांद्यांच्या पुढे काही आहे की नाही ते कळत नव्हतं.

"कामिनी," तो म्हणाला, "सुपली दे वं."

कामिनी उठली. मी तिचा हात ओढला, तिने तो हळूच सोडवून घेतला, रागाने नाही. स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात मला काय सुचलं देव जाणे. मी जमिनीवर बसले, पदर पसरला आणि ती सगळी रेघ, धूळ, नखं, बटण, कागद, दोन्ही हातांनी पदरात ओढली. आणि तशीच पळाले. चार पावलांचा व्हरांडा ओलांडायला मला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही.

विमान अकरा अडतीसला ओझरला उतरलं. महादेवरावांनी मोबाइलवर पाहिलं. दुर्गेशचा फोन लागला नाही. अकरा पंचेचाळीसलाही नाही, बारालाही नाही.

संध्याकाळी पाच वाजता तो कठड्याशी चहा पीत उभा होता. शर्टाला सगळी बटणं होती. "गेलोच नाही, काकू," तो हसून म्हणाला. "विमानतळावरून परत आलो. तुमचंच ऐकलं शेवटी."

६

महादेवरावांचं मन लगेच मानलं. "मागच्या जिन्यानं आला असन. आपण कूलरजवळ होतो, ऐकू नाही आलं." मी म्हटलं, मागच्या जिन्याच्या दाराला आतून कडी होती. ते म्हणाले, मग कामिनीनं काढली असन. असं ते एकेक करून सगळं जुळवत गेले आणि आठवड्याभरात दोघं बाहेर एकत्र बसून पेपर वाचू लागले.

कोणाला काय सांगू? हरवलं कोणीच नव्हतं. दुर्गेश होता. कंपनीने त्याला घरून काम दिलं. पहिला फोन हरवला म्हणून नवा फोन, नवा नंबर घेतला, कामिनीलाही घेऊन दिला. घर तोच झाडायचा, दिवसातून दोनदा. लकडगंजची माझी बहीण इंदू आली होती, तिला तर केवढं कौतुक. "असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही, ताई."

एकच होतं. वरून विमान गेलं की गल्लीतलं शेंबडं पोरही मान वर करतं. तो करायचा नाही. आवाज यायचा, जायचा, आणि तो तेवढा वेळ श्वास न घेता उभा असायचा.

गॅलरीत कपडे वाळत घालताना मी कामिनीला विचारलं. एकदाच विचारलं.

तिने चिमटा लावला, टॉवेल सारखा केला. "घरात मानूस हाये ना, काकू," ती म्हणाली. "जेवते, बोलते, डोकं दुखलं तर दाबून देते. कोन म्हून इचारलं आन गेला तर?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही सोमवारी येत नका जाऊ."

७

त्याच्या पुढच्या सोमवारी, अकरा चाळीसला, माझा फोन वाजला. दुर्गेशचा जुना नंबर.

आधी नुसती गिरणी. मग त्यातून, फार लांबून, "काकू? कामिनीचा फोन लागूनच नाही राहिला. तिले सांगता काय, उतरून राहिलो म्हून. पट्टे बांधा म्हणाले आत्ता."

समोरच्या दारात तो उभा होता आणि कानात तो बोलत होता.

"काकू, किती वाजले?"

"अकरा चाळीस, बाबू."

"मग बराबर टाइमावर हाये," तो हसला. "मले तर वाटलं दिवस गेला. भूक लागली."

फोन कटला. मी तारीख सांगितली नाही. त्याने विचारली नाही.

दर सोमवारी अकरा चाळीसला हेच. जून गेला, पाऊस आला, पोळा झाला, दसरा झाला. दर वेळी तो उतरतच असायचा. दर वेळी किती वाजले विचारायचा आणि मी म्हणायची, अकरा चाळीस, पोचलाच तू. खोटं बोलते का मी? घड्याळात तेवढेच वाजलेले असतात.

पदरातला तो केर मी त्या दिवशी आमच्या घरात पसरून टाकला होता. डब्यात भरून ठेवणं मला बरं वाटलं नाही, माणसाचं होतं ते. आणि तेव्हापासून मी घर झाडलं नाही. त्याच्या मागे झाडू नये अशी आता एवढीच जागा उरली होती. फरशी दिसेनाशी झाली. चाललं की पावलं उमटायची. महादेवराव शिंकायचे, चिडायचे, शेवटी बोलायचे बंद झाले. बायका यायच्या, पदर नाकाला लावायच्या, पुन्हा यायच्या नाहीत. मी, जिला चार घरच्या बातम्यांशिवाय जेवण जात नसे, माझ्याकडे कोणी येईनासं झालं.

एक तेवढा यायचा. दारात उभा राहून म्हणायचा, "काकू, तुमचे गुडघे दुखतात. मी झाडून देतो ना."

"नको बाबा."

"बरं," तो म्हणायचा.

८

दिवाळीच्या आधी रामटेकला नणंदेकडे जावं लागलं. एकच दिवस. जाताना महादेवरावांना हात जोडून सांगितलं, काहीही करा, पण झाडू नका. ते म्हणाले, मी कशाला झाडतो.

रविवारी संध्याकाळी परत आले तर दार उघडं. पुढची खोली लख्ख. फरशीत दिव्याचं प्रतिबिंब दिसत होतं. महादेवराव कितीतरी महिन्यांनी खुशीत होते. "दुर्गेशनं केलं. बिचारा घामाघूम झाला. आतली खोली करणारच होता, तेवढ्यात तुझी ऑटो आली."

तो व्हरांड्यात उभा होता. हातात सुपली, वर पेपर झाकलेला.

"उरलेलं उद्या करून देतो, काकू," तो म्हणाला.

रात्रभर मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होते. सकाळी आंघोळ केली नाही. दहा पाचला गिरणी वरून गेली. अकरा चाळीसला फोन वाजला.

आधी नुसती गिरणी, नेहमीसारखी. मग तो म्हणाला, "काकू, पुढच्या रांगा दिसून नाही राहिल्या."

"कोणत्या रांगा, बाबू?"

"माझ्या पुढचे लोक. आत्ता होते. आता तिथं नुसता उजेड हाये. फरशीवानी चकचकीत." त्याच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली. "तो उजेड इकडं येऊन राहिला, काकू. किती वाजले?"

"अकरा चाळीस. तू मागंच बस. पट्टा सोडू नको."

व्हरांड्यात चार पावलं वाजली. दारावर बोटांनी हलकंच वाजवलं, तीनदा. महादेवराव खुर्चीतून उठले. मी ओरडले, कडी काढू नका. ते माझ्याकडे असं पाहत राहिले, जसं वेड्या माणसाकडे पाहतात, मायेने. "अवं, शेजारी आहे," ते म्हणाले. "दारात उभं ठेवणं बरं दिसते काय?" आणि त्यांनी कडी काढली.

मी आतल्या खोलीत शिरले आणि जमिनीवर पालथी पडले. हात पसरले, पाय पसरले, पदर सोडून बाजूला अंथरला. जेवढी धूळ अंगाखाली येईल तेवढी घेतली. फोन कानाशी होता, त्यात गिरणी चालू होती. मागे खिडकीपासून झाडण्याचा आवाज सुरू झाला, घाई नसलेला. पलंगाखालून. कपाटाचा कोपरा, तिथे वळावं लागतं. मग माझ्या पायांच्या बोटांपर्यंत आला, तिथून बाजूने, माझ्या अंगाच्या कडेकडेने, एका बोटाचंही अंतर न सोडता, डोक्यावरून फिरून पुन्हा पायांपर्यंत.

"उठा ना, काकू," वरून आवाज आला.

"अकरा चाळीस झाले, बाबू," मी फोनमध्ये म्हटलं. "मी हाये. तू बसून राहा."

मी उठले नाही. अजूनही उठले नाही म्हटलं तरी चालेल. जेवायला महादेवराव ताट आणून देतात, आणि अगदीच उठावं लागलं तर ते माझ्या जागेवर आडवे होतात, काही न विचारता. त्यांनी एकदा फोन कानाला लावून ऐकला, तेव्हापासून. खोलीत आता बाईच्या मापाची धूळ उरली आहे, बाकी सगळं चकचकीत आहे. एवढीशी जागा. पण विमानात एका माणसाला तरी केवढी जागा लागते.